गोष्ट नको, पान दाखव

चि. वाचनवेड्यास,
अनेक आशीर्वाद.

नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला वाचनकट्टा सुरू करायचा तुझा बेत कळला. ‘सध्या काय वाचताय?’ एवढाच विषय ठेवणार आहेस, ते बरं केलंस. सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं, हा प्रकार मराठीत बहुधा प्रतींवर अडतो. दहा जणांना एकाच महिन्यात दहा प्रती मिळत नाहीत, आणि पुस्तक जुनं असेल तर आवृत्तीच संपलेली असते. ज्याने त्याने आपापलं पुस्तक आणलं की ही अडचण मिटते. पण मग दुसरी उभी राहते. ते पुस्तक इतरांनी वाचलेलं नसतं, म्हणून आणणारा गोष्ट सांगत सुटतो आणि पाचव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक शिस्त लाव. पुस्तक सोबत हवंच, आणि त्यातला १५० ते २०० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायचा. छापील पुस्तकात तो साधारण अर्धं ते पाऊण पान भरतो आणि सावकाश वाचला तरी दोन मिनिटांत होतो. आधी दोन वाक्यांत संदर्भ, मग उतारा, मग तो का निवडला हे दोन मिनिटांत, पुढची तीन मिनिटं इतरांची. माणशी ७ मिनिटं धर. दहा जणांची ७० होतात, कुठे वाद रंगला तर त्याला वरची २० ठेव. दीड तासाच्या वर ताणू नकोस. माणसं दहाच्या पुढे गेली तर सरळ दोन गट कर, नाहीतर शेवटच्या चौघांच्या वाट्याला फक्त घाई येते.

उतारा निवडताना लोक हमखास फसतात. भिंतीवर लावण्यासारखं सुविचारी वाक्य उचलतात किंवा पहिलंच पान वाचतात. जिथे वाचताना थांबावं लागलं, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं किंवा चक्क राग आला, ती जागा आणायला सांग. ‘लेखकाने गरिबी फार छान मांडलीय’ हे वाक्य शंभर पुस्तकांना चिकटवता येतं. ‘पाहुणा आल्यावर ही बाई पिठाचा डबा उघडत नाही, नुसता हलवून बघते, हे पान पाहा’ असं म्हटलं की समोरचा पुढे सरकतो. तो म्हणेल, मला हे रडवण्यासाठी केल्यासारखं वाटलं. वाद झाला, पण आता तो डब्यावर चाललाय. पान नसलं की हाच वाद लेखकाच्या जातीवर, पक्षावर, नाहीतर पुरस्कारांवर जातो आणि तिथून परत येत नाही. नावडलेल्या पुस्तकालाही तोच नियम: कुठल्या पानावर मन उडालं ते दाखवायचं. अर्धवट सोडलेलं पुस्तक आणलं तरी चालेल, मला तर तेच जास्त ऐकावंसं वाटतं. फक्त पुस्तक अजून हातात असलेल्या माणसाला कोणी शेवट सांगायचा नाही, ‘तसं विशेष काही होत नाही’ असंसुद्धा नाही.

एकाच पुस्तकावर दोघं हट्टाने भांडू लागले तर आधी दोन्ही प्रती उघडायला लाव. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला आवृत्ती आणि साल असतं. पुष्कळदा एकाकडे संक्षिप्त आवृत्ती निघते, किंवा दोघांचे अनुवादक वेगळे असतात, आणि भांडण तिथेच मिटतं. आवृत्तीगणिक पान बदलतं, म्हणून प्रकरणही सांगायचं. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पानांचा हिशेब बदलतो, तिथे प्रकरणच कामाचं. ऑडिओबुक ऐकणाऱ्याने मिनिट-सेकंद टिपून आणावं.

वेळेचं म्हणशील तर रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळीशी स्पर्धा करू नकोस, हरशील. शनिवारी संध्याकाळी सहा ठीक. गोदाकाठ ऐकायला छान वाटतो, पण रामकुंडाच्या बाजूला आरतीच्या वेळी उतारा ऐकू येणार नाही. पावसाळ्यात तर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्याच्या, गुडघ्याला पाणी लागलं की तुझा अख्खा गट पूर बघायला जाईल. शांत खोली शोध, पंख्याचा आवाज ऐकून घे.

पुस्तकं कुठून आणायची, याची काळजी नाशिककराने करू नये. ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या वाचकांच्या गटांतूनच फिरतात. गटात पीडीएफ मात्र फिरू देऊ नकोस. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ संपेपर्यंत हक्काखाली आहे. चर्चेसाठी छोटा उतारा घेणं वेगळं, अख्खं पुस्तक फॉरवर्ड करणं वेगळं.

आपसांतल्या देवघेवीला एक वही कर: पुस्तक, मालक, नेणारा, तारीख. वाचनालयाचं पुस्तक या वहीत येऊच देऊ नकोस, दंड ज्याच्या नावावर आहे त्यालाच भरावा लागतो. मुदत एक महिना ठेव. ती उलटली तर सगळ्यांसमोर नाव घेऊ नकोस, एकट्याला फोन कर. गटात विचारलं की पुस्तक कदाचित येतं, माणूस पुन्हा येत नाही.

कळावे.