मंडळीतील फूट कशी मिटवावी?

प्रश्न : नागपुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुरुस्तीच्या हिशेबावरून दोन गट पडले असून काही कुटुंबे प्रभुभोजनालाही (भाकर व द्राक्षारसाच्या विधीलाही) येत नाहीत. पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : कोणाचीच नाही. मात्र हिशेब दोन्ही गटांना मान्य असलेल्या, मंडळीबाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून सर्वांसमोर वाचावा. पैशाचा संशय केवळ प्रार्थनेने जात नाही. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात तंटा मिटवण्यासाठी आधी एकट्याने भेट, मग एक-दोन साक्षीदार आणि त्यानंतर मंडळी असा क्रम आहे, जो आपल्याकडे बहुधा उलटा चालतो. सहा ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते नागपुरातच, आणि त्यामागे १९२९ पासूनच्या वाटाघाटी होत्या. तेव्हा दोन बैठकांत समेटाची अपेक्षा ठेवू नये. पहिली बैठक उपासनेनंतर लगेच मात्र घेऊ नका.