जुनी हायब्रिड घेताना एमओटीचा इतिहास कसा वाचायचा

ताई, तुमचा प्रश्न असा: मार्चमध्ये कोल्हापूरहून इंग्लंडमधल्या लेस्टरला जायचंय, तुमची हॉस्पिटलात नोकरी, बरोबर मिस्टर आणि सातवीतली मुलगी. आठ-दहा वर्षं जुनी टोयोटा हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) घ्यायचा विचार आहे आणि जाहिरातीत ‘एमओटी क्लीन’ लिहिलंय. तेवढ्यावर गाडी घ्यावी का? शिवाय मुलीच्या शाळेचं आणि तिकडच्या एकटेपणाचंही विचारलंत. व्हिसा, लायसन्स, विमा यांची माहिती सरकारी साइटवर नीट दिलेली आहे, ती इथं परत लिहीत नाही.

तेवढ्यावर घेऊ नका. एमओटी ही तिकडची वार्षिक तपासणी, गाडी तीन वर्षांची झाली की सुरू होते. ‘क्लीन’ याचा अर्थ एवढाच की शेवटच्या तपासणीच्या दिवशी ती पास झाली. खरी माहिती आधीच्या सगळ्या वर्षांच्या नोंदींत असते. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या नोंदी फुकट दिसतात: कधी पास, कधी नापास, किती मैल आणि तपासणाऱ्यानं काय लिहिलं. सगळ्यात जुन्या नोंदीपासून वाचत अलीकडे या.

आधी मैल बघा. आपल्याला किलोमीटरची सवय, म्हणून ९०,००० आकडा बरा वाटतो, पण ते १,४५,००० किलोमीटर होतात. घरगुती गाडी वर्षाला सात-आठ हजार मैल चालते. एखाद्या प्रियसचा (टोयोटाची हायब्रिड) आकडा वर्षाला पंचवीस-तीस हजारांनी वाढत असेल तर ती टॅक्सी होती असं धरा. दुसरी खूण म्हणजे दर सहा महिन्यांनी झालेली तपासणी, कारण काही नगरपालिका टॅक्सीला वर्षातून दोनदा तपासणी लावतात. मग बंपरवर टॅक्सीच्या पाटीच्या स्क्रूची भोकं आणि मागच्या काचेवर स्टिकरचा चिकटा शोधा. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईटच असं मी म्हणत नाही. रोज चाललेल्या हायब्रिडची बॅटरी कधीकधी दारात उभ्या गाडीपेक्षा चांगली निघते. पण विकणारा ते लपवत असेल तर बोलणं तिथंच थांबवा. आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला किंवा मधलं एखादं वर्ष गायब असलं तर कारण आणि कागद दोन्ही मागा.

मग शेरे वाचा. मे २०१८ पासून दोषांचे तीन वर्ग आहेत: डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोहोंत गाडी नापास होते. त्यांच्याशिवाय ‘ॲडव्हायझरी’ असते, म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा. नियरसाइड म्हणजे फुटपाथकडची डावी बाजू आणि ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची उजवी. ‘टायर झिजत आलाय’ हा शेरा एखाद्या वर्षी आला तर काळजी नको. तोच टायर, तेच सस्पेन्शनचं बुश (सांध्यातलं रबर) सलग तीन वर्षं लिहिलेलं असेल तर मालक नापास होईपर्यंत काही करत नाही हे कळतं, आणि असा माणूस इंजिन ऑइलही वेळेवर बदलत नसणार. ब्रेक डिस्क गंजल्याचा शेरा हायब्रिडला नेहमीचाच, कारण ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते आणि पॅड कमी घासतात. ब्रेक पाइप किंवा सबफ्रेम (इंजिन-चाकांना आधार देणारा खालचा सांगाडा) गंजल्याचा शेरा मात्र गंभीरपणे घ्या. हिवाळ्यात तिथं रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तो गंज दरवर्षी पुढं सरकतो.

इंजिनच्या दिव्याची नोंद फार कमी लोक वाचतात. डॅशबोर्डवर तो दिवा पेटलेला असला तर गाडी मेजर दोषात नापास होते. इतिहासात त्या कारणानं सकाळी नापास आणि त्याच दिवशी दुपारी पास असं दिसलं, तर दुरुस्ती झाली की गाडीच्या कॉम्प्युटरमधला नुसता बिघाडाचा कोड पुसला हे विचारा. बिल नसेल तर कोडच पुसला असं समजा. वीसेक पौंडांचा ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनच्या ॲपवर दाखवणारं यंत्र) घ्या आणि गाडी बघताना ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. ते ‘इनकम्प्लीट’ दाखवत असतील तर कोड नुकताच पुसलाय किंवा बारा व्होल्टची बॅटरी काढून परत लावलीय.

आता या इतिहासात जे नसतंच ते. हायब्रिड बॅटरीत किती दम उरलाय हे एमओटीत तपासत नाहीत, तिच्या तारा आणि बसवणी वरवर बघतात तेवढंच. त्यासाठी टोयोटाच्या डीलरकडची हायब्रिड हेल्थ चेकची कागदं मागा. ती दरवर्षी केली असेल तर बॅटरीची हमी पुढं एक वर्ष किंवा १०,००० मैल वाढत जाते, गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत. कागद नसेल तर ओबीडी रीडर लावून चढावर गाडी चालवा. तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २००९ ते २०१५ च्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल असतात आणि ॲपमध्ये ती दोन-दोनच्या १४ ब्लॉकमध्ये दिसतात. जोर लावला की सगळे व्होल्टेज एकत्र खाली यायला हवेत. एखादाच ब्लॉक बाकीच्यांना सोडून खाली पडत असेल तर बॅटरी संपत आलीय. मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीत बोट घालून धूळ, कुत्र्याचे केस आहेत का बघा. ती जाळी तुंबली की बॅटरी तापते.

त्याच पिढीच्या १.८ इंजिनात ईजीआरचा, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणारा, मार्ग काजळीनं तुंबतो आणि पुढं हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जातं. टोयोटाच्याच ऑरिस हायब्रिडमध्येही तेच इंजिन आहे. हा बिघाड थंड इंजिन सुरू होतानाच कळतो, म्हणून गाडी थंड हवी. पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर ‘उद्या येतो’ म्हणा. हायब्रिड सुरू केली तरी इंजिन लगेच चालू होईलच असं नाही, त्यामुळे हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मग इंजिन लागतं. पहिल्या मिनिटाला खडखड, थरथर झाली आणि कूलंटची पातळी खुणेखाली असली तर ती गाडी सोडा.

खाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा, बघा. हायब्रिडचा कन्व्हर्टर चोर कापून नेतात, कारण त्यातले मौल्यवान धातू जास्त टिकून असतात. ताजं वेल्डिंग किंवा स्वस्तातला नवा डबा दिसला तर भाव त्या हिशेबानं पाडा.

अपघातात किंवा पाण्यात गेलेली गाडी विमा कंपनी ‘कॅटेगरी एस’ (सांगाड्याला इजा) किंवा ‘एन’ (सांगाडा शाबूत) म्हणून मोडीत काढते, आणि तीच दुरुस्त होऊन बाजारात येते. एमओटीत याची नोंद नाही. पैसे भरून मिळणाऱ्या हिस्टरी चेकमध्ये ती दिसते, आणि गाडीवर कर्ज आहे का तेही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघायला शिकलो, तिथंही तेच करा. व्ही५सी लॉगबुक (आपल्या आरसी बुकासारखं नोंदणीपत्र) हातात नसेल तर पैसे देऊ नका, आणि ते मालकीचा पुरावा नाही हेही लक्षात ठेवा.

मुलीच्या शाळेचा विषय निघालाच आहे. वर्षाच्या मध्ये गेलात तर जवळच्या शाळा बऱ्याचदा भरलेल्या असतात, जागा मिळते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि म्हणूनच ही गाडी लागते. शाळेला घराचा पत्ता हवा, घराला पगाराची स्लिप हवी, स्लिप महिना भरल्यावर. हे चक्र एकदाचं संपतं. पण हुशार पोरीला कुठलीही परीक्षा न घेता कधीकधी गणिताच्या खालच्या सेटमध्ये (क्षमतेनुसार केलेल्या गटात) बसवतात ते मला आजही डाचतं. तिच्या दोन वर्षांच्या इंग्रजीतल्या मार्कशीट आणि गणिताच्या वह्या बॅगेत टाका, आणि पहिल्याच आठवड्यात शाळेकडं लेखी चाचणी मागा. लाजू नका.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो, नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडू लागला की जास्त येतो, आणि माणूस त्यातून निभावतो. जास्त बोचतं ते वेगळंच: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला फोन करून ‘जरा येऊन बघ की’ म्हणता येत नाही. बॉनेट उघडल्यावर शेजारी उभं राहणारं आपलं माणूस नसतं, म्हणून परक्याचा गोड शब्द लवकर पटतो. विकणारा मराठी बोलला तर अर्धी तपासणी आपण स्वतःच सोडून देतो. ही ओढ ओळखून ठेवा, कारण ती तुम्हालाही लागणार.

मिस्त्रीच्या जागी एक सोय आहे. काही नगरपालिकांची स्वतःची एमओटी केंद्रं सर्वसामान्यांना खुली असतात. तिथं दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे दोष वाढवून किंवा लपवून त्यांना काही मिळत नाही. एमओटी जास्तीत जास्त ५४.८५ पौंडांत होते आणि जुनी संपायच्या आधी कधीही करता येते. विकणाऱ्याला सांगा, पैसे मी देते, गाडी तिथं नेऊ. नाही म्हणाला तर दुसरी बघा. लेस्टर, कोव्हेंट्री, बर्मिंगहॅम या पट्ट्यात टोयोटा हायब्रिडला तोटा नाही.