मेलबर्नचा होला आणि नागपूरचा होला

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला राहते. तिच्या अंगणात रोज येणाऱ्या एका होल्याचा फोटो तिने पाठवला आहे. त्याची मान आपल्या ठिपकेवाल्या होल्यासारखीच आहे, म्हणजे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके. पण पाठ आणि पंख मात्र कोरे दिसतात. आमच्या घरी कूलरवर घरटे करणाऱ्या होल्याच्या पंखांवर ठिपके आहेत. हा तोच पक्षी आहे का? तो तिकडचा मूळचा का? आणि याच पक्ष्याची पुस्तकांत दोन-तीन शास्त्रीय नावे आढळतात, त्यांतले कोणते धरावे?
— एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फोटोतला पक्षी ठिपकेवाला होलाच आहे, मात्र तो आपल्याकडचा नाही आणि ऑस्ट्रेलियाचा तर मुळीच नाही. मेलबर्नमध्ये तो माणसाने नेऊन सोडला, आणि तोही पूर्वेकडच्या आशियातून.

पंखांवरच्या ठिपक्यांचा फरक आपण टिपला, ही गोष्ट फार मोलाची आहे. आपले पत्र आल्यावर मी आमच्या गच्चीवर कूलरमागच्या जुन्या घरट्याखाली पडलेले एक पीस उचलून उजेडात धरले. बोटाच्या पेराएवढे, मातकट तपकिरी पीस. टोकाशी फिकट गुलाबी-बदामी रंगाचे दोन ठिपके आणि त्या दोहोंच्या मधून टोकाकडे रुंद होत गेलेली करडी रेघ. अशी पिसे कौलांसारखी एकावर एक बसली, की होल्याच्या पाठीवर ती ओळखीची नक्षी उमटते. भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या होल्यांची हीच खूण आहे. ईशान्य भारत आणि बांगलादेश ओलांडून पुढे आग्नेय आशियात आणि चीनमध्ये गेले, की पिसांच्या टोकांवरचे हे जोडठिपके नाहीसे होतात आणि पाठ साध्या तपकिरी रंगाची होते.

एकाच जातीतल्या, पण वेगवेगळ्या प्रदेशांत राहून असे स्थिर फरक दाखवणाऱ्या समूहांना उपजाती म्हणतात, आणि शास्त्रीय नावातला तिसरा शब्द उपजातीचा असतो. आपल्या होल्याचा तिसरा शब्द ‘सुरातेन्सिस’ आहे. ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1789 मध्ये तो दिला, आणि तो आपल्या सुरत शहरावरून आलेला आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, 1786 मध्ये, स्कोपोली याने चीनमधल्या पक्ष्याला ‘चायनेन्सिस’ हे नाव दिले होते. ते आधीचे असल्यामुळे पूर्ण जातीला तेच नाव लागले आणि आपला पक्षी त्याची उपजात ठरला. आग्नेय आशियातल्या उपजातीला ‘टायग्रिना’ म्हणतात. भारत-श्रीलंकेचे ठिपकेदार पंखांचे होले आणि पूर्वेकडचे कोऱ्या पंखांचे होले या दोन स्वतंत्र जातीच आहेत, असे काही यादीकार मानतात. पिसांतला फरक पाहता मला त्यांचे म्हणणे पटण्याजोगे वाटते. पण आसामच्या बाजूला दोन्ही गट एकमेकांना भिडतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नावांचा जो गोंधळ आपल्याला जाणवला, तो पहिल्या शब्दाचा, म्हणजे प्रजातीचा आहे. जुन्या पुस्तकांत हा पक्षी ‘स्ट्रेप्टोपेलिया’ या प्रजातीत आढळतो. गळ्यात पट्टा किंवा कंठी असलेल्या होल्यांची ही प्रजाती. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-तुलनेतून असे दिसले, की ठिपकेवाला होला आणि आपल्या नागपुरात गल्लोगल्ली दिसणारा लहान तपकिरी होला हे एकमेकांचे जवळचे नातलग असून बाकीच्या कंठीवाल्यांपासून वेगळे आहेत. म्हणून त्या दोघांना ‘स्पिलोपेलिया’ ही प्रजाती मिळाली. हे नाव काही नवे नव्हे. सुंडेवाल याने ते 1873 मध्येच सुचवले होते आणि त्याचा अर्थच ‘ठिपक्यांचा होला’ असा होतो. तेव्हा आज ‘स्पिलोपेलिया चायनेन्सिस’ हे नाव धरावे.

आता तो मेलबर्नला कसा पोचला, ते पाहू. 1861 मध्ये तिथे परदेशी प्राणी व वनस्पती आणून रुजवणारी एक संस्था स्थापन झाली. इंग्लंडातून आलेल्या वसाहतवाल्यांना ती भूमी उपयुक्त आणि गोड गळ्याच्या जीवांवाचून ओकी वाटत असे, आणि ही उणीव आपण भरून काढली पाहिजे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपली साळुंकीही त्याच दशकात मेलबर्नमध्ये सोडली गेली. (नागपूरचे अजब बंगला संग्रहालय 1863 चे. म्हणजे इकडे पक्षी पेंढा भरून कपाटात ठेवण्याची सोय होत होती, त्याच काळात तिकडे जिवंत पक्ष्यांची पेटाऱ्यांतून आवक सुरू होती.) पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात 1898 मध्ये प्राणिसंग्रहालयातून ठिपकेवाले होले सोडण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर लहान तपकिरी होलेही. ठिपकेवाला होला सहसा लांब उडून नव्या मुलखात जात नाही. म्हणून त्याचा प्रसार एका जागेवरून वणव्यासारखा झाला नाही. बंदराच्या शहरांतून, निरनिराळ्या वेळी सोडलेल्या पक्ष्यांपासून तो आसपास पसरत गेला. बागा, सांडलेले धान्य, कोंबड्यांचे खाद्य, माणसाची वस्ती एवढे त्याला पुरते. एका वेळी अंडी दोनच, पण वर्षातून अनेक विणी, आणि पिलांना आईबाप दोघेही आपल्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार होणारे दूध भरवतात, त्यामुळे किडे मिळाले नाहीत तरी पिले जगतात.

गुंतागुंत इथेच सुरू होते. ऑस्ट्रेलियात ‘चायनेन्सिस’ आणि ‘टायग्रिना’ या दोन्ही उपजातींचे पक्षी आले आणि ते ठिकठिकाणी कमीअधिक प्रमाणात मिसळले. उपजातीचे नाव मुळात प्रदेशाशी बांधलेले असते. हजारो मैलांवरचे दोन समूह एकाच बागेत नांदू लागले, की त्यांच्या पिल्लाला कोणते तिसरे नाव द्यायचे? माझ्या मते अशा पक्ष्याला घाईने एकच चिठ्ठी चिकटवू नये. त्याच्या अंगावर जे दिसते ते नोंदवावे. आपल्या मुलीला दोन गोष्टी पाहायला सांगा. पंखांवरच्या पिसांत बारीक गडद रेघा असतील आणि शेपटीखालची पिसे पांढरट असतील, तर ती खूण ‘टायग्रिना’ची, रेघा नसतील आणि शेपटीखाली राखाडी रंग असेल, तर ‘चायनेन्सिस’ची. दोन्हींची सरमिसळ दिसली, तर तीच खरी नोंद.

आणलेला पक्षी कायमचा टिकतोच, असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस परिसरात हाच होला विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला आणि दशकानुदशके अगदी सर्वसामान्य होता. गेल्या काही दशकांत मात्र तिथून तो झपाट्याने ओसरला आहे.

प्रश्न : हिंगण्याच्या बाजूला शेतातल्या तारांवर बसणारा, मानेमागे काळी कंठी असलेला फिकट होला युरोपातही आहे, असे वाचले. त्यालाही असेच नेले होते का?
— एक शिक्षक, हिंगणा, जि. नागपूर

उत्तर : नाही, युरोपात तो आपल्या पंखांनी गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात तो केवळ आग्नेयेकडच्या बाल्कन भागात होता. तिथून वायव्येकडे सरकत त्याने काही दशकांत जवळजवळ सारे खंड व्यापले आणि 1955 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात प्रथम घरटे केले. विस्तार पाहावा तर असा. ठिपकेवाल्याच्या बैठ्या स्वभावाशी ताडून पाहिले की आश्चर्य वाटते. अमेरिकेत मात्र तो माणसामुळे शिरला. 1970 च्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यातले काही कंठीवाले होले सुटले, 1980 च्या दशकात ते फ्लोरिडात दिसू लागले, आणि तिथून पुढचा बहुतेक खंड त्यांनी पुन्हा स्वतःच पालथा घातला. त्यामुळे हा एकच पक्षी युरोपात ‘आलेला’, तर अमेरिकेत ‘आणलेला’ म्हणून नोंदवला जातो.