८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा दिसतोय, पण तो खरंच मोकळा आहे का?

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) गच्चीवर लावून तुम्ही ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ दिवसभर मोजलंत, दर १० सेकंदांची सरासरी घेतलीत आणि वापर जवळपास शून्य आला. कृपया एवढ्यावर लोरा (कमी विजेवर लांबपर्यंत छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) सेन्सरची खरेदी करू नका.

गोम त्या सरासरीत आहे. एसएफ७ या जलद सेटिंगवर लोराचं छोटं पॅकेट साधारण ५० मिलिसेकंद हवेत असतं. १० सेकंदांत वाटलं की त्याची शक्ती २०० पट कमी दिसते, म्हणजे २३ डीबी खाली, थेट नॉइजमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या कायमच्या खरखरीत. पीक होल्ड (फक्त सर्वात मोठं मूल्य धरून ठेवणं) लावलात तर कोणीतरी बोललं एवढं कळेल, किती वेळ बोललं ते नाही. तुमचा पट्टा जेमतेम २ मेगाहर्ट्झचा, डोंगल सेकंदाला २४ लाख सॅम्पल आरामात देतो. मग फ्रिक्वेन्सी बदलत फिरायचं कशाला? एकाच जागी थांबा आणि दर ५-१० मिलिसेकंदांनी एफएफटी काढा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती आहे ते कळेल. कच्चा डेटा मात्र साठवू नका, दिवसाला ४०० जीबीच्या वर जातो. जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये जागच्या जागी हिशोब करून प्रत्येक चॅनेलची फक्त पॉवर लिहून ठेवा.

किती पॉवरच्या वर चॅनेल वापरात आहे असं धरायचं, तो उंबरठा अंदाजाने ठरवू नका. अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल न देणारं टोपण) लावा, एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद ठेवा, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) तोच ठेवा आणि थोडा वेळ मोजा. तेव्हाही २ टक्के वेळ उंबरठा ओलांडला जात असेल, तर तुमच्या निकालातले तेवढे टक्के निव्वळ नॉइजचे. मी नॉइजच्या वर ६ डीबी धरतो.

आपल्याकडे ८६९ मेगाहर्ट्झपासून मोबाइल टॉवरचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे येणारे सिग्नल) सुरू होतं, अगदी शेजारी. टॉवर जवळ असला तर ८ बिटांचा हा डोंगल गुदमरतो आणि नसलेले सिग्नल दाखवतो. अँटेनाच्या वाटेत १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घाला. खरा सिग्नल १० डीबीनेच उतरेल. त्याहून बराच जास्त पडला तर तो डोंगलनेच तयार केलेला. मग चांगला फिल्टर घेण्याला पर्याय नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट हातातून निसटतेच. एसएफ१२ या सर्वात संथ सेटिंगचं पॅकेट नॉइजच्या २० डीबी खाली असलं तरी लोराचा रिसीव्हर ते वाचतो, आणि निव्वळ पॉवर मोजून ते कधीच दिसणार नाही. म्हणून शक्य असेल तर कोणाचा तरी लोरा गेटवे (आसपासच्या सेन्सरची पॅकेटं ऐकणारा रिसीव्हर) आठवडाभर मागून आणा, त्याच गच्चीवर ठेवा आणि परक्यांची पॅकेटं मोजा. सीआरसी (पॅकेट नीट पोचलं का ते तपासणारा आकडा) चुकलेलीसुद्धा.