इंजिन बदलल्यावर पाणी कुठे जातंय? हेड उतरवण्याआधी थंड गाडीत दाब देऊन बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतं: दर्यापूरकडची बोलेरो डीआय, जुनं इंजिन सीज झालं म्हणून स्क्रॅपमधून दुसरं आणून बसवलं. तेव्हापासून रोज सकाळी पाणी कमी भरतं, गाडीखाली थेंब दिसत नाही, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवू.

माझं स्पष्ट मत आहे की हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. तुमच्या सांगण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पाणी रात्रीतून कमी होतं, दिवसभर गाडी चालवून नाही. हेड गॅस्केट बहुधा गाडी चालताना पाणी खातं. उभ्या गाडीतून रात्री पाणी जातं तेव्हा बाहेरचा कुठला तरी जोड गळत असण्याची शक्यता जास्त. थंडीत रबर आणि लोखंड सारखं आकसत नाही, गरम असताना घट्ट वाटणारा होजचा (पाण्याच्या रबरी नळीचा) जोड पहाटे ढिला पडतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा हे हमखास दिसतं. घाटात काटा चढणं हा वेगळा आजार धरू नका. पाणी कमी झालं की आत हवा शिरते, हवेचा फुगा हेडजवळ अडकतो आणि लोडवर इंजिन तापतं. गळती सापडेपर्यंत घाटात मात्र गाडी नेऊ नका.

एक खात्री आधी करून घ्या. गाडी थंड होताना रेडिएटर जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओढून घेतो, म्हणून संध्याकाळी गरम इंजिनावर बघितलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, बाटलीवर खूण करून बघा. इंजिन नुकतंच बसवलं असेल तर सुरुवातीला आतली हवा निघते तसं पाणी थोडं उतरतंच. ती गळती नाही. पण ते थोड्या दिवसांत थांबायला हवं.

आता खरं काम. इंजिन धुवून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. आपल्या काळ्या मातीची धूळ ओल्या जागी लगेच चिकटते, त्यामुळे न धुतलेल्या इंजिनावर जुने डाग आणि नवी गळती वेगळी ओळखता येत नाही. मग अकोल्यात किंवा अमरावतीत रेडिएटरचं काम करणाऱ्याकडे दाब देण्याचा हातपंप मिळतो का बघा. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो लावायचा आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनात झाकणावर छापलेला असेल तेवढाच दाब द्यायचा. तो साधारण 0.9 किंवा 1.1 बार असतो. त्याहून जास्त दिला तर चांगला रेडिएटरही फुटू शकतो. पंधरा-वीस मिनिटं पंपावरचा काटा बघा. उतरला तर टॉर्च घेऊन वरून खाली शोधत या, कारण पाणी गळतं एका ठिकाणी आणि ओघळून दिसतं दुसऱ्याच ठिकाणी. झाकणसुद्धा त्याच पंपावर तपासून घ्या. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर पाणी वाफ होऊन निघून जातं आणि सगळे इंजिनात गळती शोधत बसतात.

शोधायची सुरुवात स्वॅपच्या, म्हणजे इंजिन बदलण्याच्या, वेळी जे हललं तिथून करा. होजचे जोड सगळ्यात आधी. जुना होज दुसऱ्या इंजिनाच्या नळीवर चढवला की माप थोडं मागेपुढे असतं, मग मेकॅनिक क्लॅम्प आवळत राहतो आणि होज कापला जातो. नळीवरचा क्षार आणि गंज पॉलिश पेपरने साफ करा, होज नवा घ्या, ग्रीस न लावता थोडं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) लावून चढवा आणि क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. त्यासोबत इंजिनाचे माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बघा. माउंटिंग खचलं असेल किंवा जुन्या जागेशी जुळत नसेल तर इंजिन हलतं, वरचा होज ओढला जातो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर गळणारी गाडी उभी असताना कोरडी दिसते. पंखा रेडिएटरच्या जाळीला घासतोय का तेही तिथेच कळेल.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ज्यात बसतो त्या हाउसिंगचं गॅस्केट बघा. जुन्याचे अवशेष न खरवडता वर सिलिकॉनचा थर फासलेला असतो. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. आणि थर्मोस्टॅट आहे की नाही हे विचारून घ्या. उन्हाचं कारण सांगून तो काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे, ती मला अजिबात पटत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ वाळलेला पांढरा किंवा हिरवा ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. भोक बुजवू नका, पंप बदला.

तुमच्या बाबतीत माझा सर्वांत जास्त संशय डमीवर आहे. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या त्या पत्र्याच्या गोल चकत्या. स्क्रॅपमध्ये पडून असलेल्या इंजिनात साधं पाणी राहिलेलं असतं, चकत्या आतून गंजून पातळ होतात, आणि दाब आला की सुईएवढ्या छिद्रातून झिरपायला लागतात. पाणी कमी आणि खाली थेंब नाही याचं एक कारण हेच, गाडी उभी केल्यावरही ब्लॉक काही वेळ गरम असतो, थेंब त्यावरच सुकतो. काही इंजिनांत मागेही डमी असते, तिचं पाणी बेल हाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कव्हरमधून) उतरतं आणि लोक गिअरबॉक्स ऑइल समजतात. बोटाला लावून बघा, चिकट आहे की पाणचट. एक डमी गेली असेल तर सगळ्या बदलून घ्या, शक्य असेल तर पितळी. बैठक चकाचक साफ करून, सीलंट लावून, मापाच्या सॉकेटने सरळ ठोकायची. वरून एम-सील लावणं म्हणजे काही दिवस ढकलणं.

एवढं करून काहीच सापडलं नाही तर हीटरच्या नळ्या आणि पुढच्या सीटखालची ओली चटई बघा, आणि मग हेडकडे वळा. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं का. नुसता झाकणाला लागलेला मलईसारखा थर थंडीत दवामुळेही येतो. पण ही लक्षणं एकत्र दिसली तर गॅरेजवाला बरोबर आहे, हेड उतरवा आणि समतल तपासून मगच नवं गॅस्केट बसवा.

स्वॅपमध्ये इंजिनाची अर्थिंग पट्टी (इंजिन गाडीच्या बॉडीला जोडणारी तार) लावायची राहून जाते, ती बघा. अर्थ नीट नसला तर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि नवा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आतून खातो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन धातूला न लावता फक्त कूलंटमध्ये बुडवा. लाइट, ब्लोअर चालू करून आकडा 0.3 व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

पाण्याबद्दल जरा कळकळीनं सांगतो. तुम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहता. तिथलं बोअरचं पाणी पिण्याला जड, इंजिनाला तर विषच. त्यातले क्षार डमी आणि रेडिएटर दोन्ही खातात, गरम जागी थर बसवतात. सध्या भरलेलं सगळं पाणी काढून टाका आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरा, सांगितलेलं प्रमाण डब्यावर असतं, निम्मं-निम्मं सर्वसाधारण चालतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं तोंड चढावर करून, झाकण उघडं ठेवून थंडपासून सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि तोंडावर येतं. रस्त्यात अडकल्यावर ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, तीही घरी पोहोचण्यापुरतीच. कायम ठेवली तर नळ्या बुजतात.

काढलेलं कूलंट अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री-बकऱ्या चाटतात, आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. डब्यात भरून ठेवा.

दाब दिल्यावर काटा किती उतरला आणि बेल हाउसिंगखाली ओल आहे का, एवढं कळवा. उतरत नसेल तर पुढचं बोलू.