कोल्हापुरातून जानेवारीत समुद्रपक्षी बघायला आणि मोजायला जायचं असेल तर कुठं, कधी आणि कसं जावं?

तुम्ही विचारलंय की रंकाळा, कळंबा ही कोल्हापूरची तळी बघून झालीत, आता जानेवारीत दोन दिवस सुट्टी काढून मालवणकडं समुद्रपक्षी बघायचेत, जमलं तर मोजणीतही भाग घ्यायचाय, तर कुठला बीच चांगला. बीच सांगतो, पण त्याच्या आधी भरतीची वेळ बघा. कोल्हापूरकर माणूस समुद्रावर तळ्याच्या हिशोबानं जातो, म्हणजे पहाटे पोचलं की काम झालं असं. तळ्यावर ते चालतं कारण पाणी जागच्या जागी असतं. किनाऱ्यावर पहाटे सुकती असली तर पक्षी खाडीच्या चिखलात, खडकांवर, मैलभर पसरलेले असतात, दुर्बिणीत ठिपके दिसतात नुसते. भरती चढायला लागली की त्यांची खायची जागा पाण्याखाली जाते आणि मग सगळे उरलेल्या कोरड्या वाळूवर येऊन दाटीनं बसतात. मोजणी करायची ती तेव्हा.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं आणि पक्ष्यांच्या अंगावर छान उजेड. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो, पाणी चकाकतं आणि सगळे कुरव, म्हणजे सीगल, काळेच दिसतात. सनसेटला काढलेल्या फोटोवरून 'हा कुठला पक्षी' असं लोक विचारतात तेव्हा सांगणाऱ्याचाही नाइलाज असतोय.

म्हणजे भरती सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान भरेल असा दिवस पाहिजे. त्यासाठी ॲप आहेत, वापरा, पण मला मालवणच्या एका रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्या, काकांनी जे शिकवलं ते कॅलेंडर बघून घरबसल्या जमतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि मधे बाराला सुकती. द्वादशीला नऊ. हा हिशोब मुंबईकडं बराच बरोबर येतो, मालवणला भरती त्याच्या जरा आधीच भरते, आणि रोज साधारण पाऊण तास पुढं सरकत जाते. त्यामुळं आपल्या कामाचे दिवस म्हणजे द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावस्येपर्यंतचे. त्यातही उधाणाचे दिवस असल्यानं पाणी जास्त चढतं, वाळू कमी उरते आणि पक्षी आणखी जवळ गोळा होतात. जानेवारीचं पान उघडा, या तिथ्या कुठल्या शनिवार-रविवारी येतात बघा आणि रजा त्यावर टाका.

आता जागा. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालंय, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर कालवफोड्या, टर्नस्टोन, समुद्री बगळा हे बघायचे, त्यासाठी मात्र ओहोटीच बरी, कारण खडक उघडे पाहिजेत. कुरव आणि सुरय, म्हणजे टर्न, मोजायला देवबागचा संगम, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं वाळूचे पट्टे आहेत, पण वॉटर स्पोर्ट्सची गर्दी वाढली की पक्षी टिकत नाहीत, म्हणून तिथं सकाळी लवकरचीच भरती पकडायची. मला स्वतःला तोंडवळी-तळाशीलची पट्टी जास्त आवडते, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळू आणि सुरूची झाडं, माणसं कमी. वर आचऱ्याकडं गेलात तर खाडीच्या तोंडाशी पण चांगलं असतं. सुरूच्या नाहीतर मोठ्या आंब्या-वडाच्या शेंड्यावर काटक्यांचा भलामोठा ढीग दिसला तर लांबूनच बघा, समुद्री गरुडाचं घरटं असू शकतं आणि हिवाळा हा त्यांचा पिल्लांचा काळ असतो, खाली जाऊन उभं राहायचं नाही.

जायला गगनबावड्यावरून उतरा नाहीतर राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाटानं कणकवली, चार तास धरा. घाट चालू आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. एसटी पण आहे. पहाटे निघून मोजणीला पोचायचा नाद करू नका, आदल्या रात्री मुक्कामाला जा.

पक्षी कुठले दिसतील ते थोडक्यात. हिवाळ्यात किनाऱ्यावर मुख्य भरणा कुरवांचा आणि सुरयांचा. शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल असले खरेखुरे खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावरून जानेवारीत दिसतील ही आशा धरू नका, ते बोटीनं खूप आत गेल्यावर मिळतात, किंवा पावसाळ्यात वादळानं थकून किनाऱ्याला फेकले जातात. वेंगुर्ल्याच्या समोरची खडकाळ बेटं आहेत ना, दीपगृहवाली, तिथं ब्रायडल्ड टर्न पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणजे आपण बघायला जाऊ शकत नाही नेमकं त्या काळात. तेव्हा हिवाळ्यात जे आहे ते नीट बघा, ते कमी नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव यांच्यात, कारण नावात डोकं आहे आणि हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं होतं, कानामागं एक काळपट ठिपका राहतो फक्त. डोकं सोडा, डोळा बघा. मोठ्या झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, पिवळसर पांढरा असतो, चेहरा त्यामुळं जरा रागीट दिसतो, चोच जाड असते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा काळा, चेहरा गरीब, चोच बारीक. उडाला की पंखाचं टोक बघायचं: तपकिरी डोक्यावाल्याचं टोक काळं आणि त्यात पांढरे डाग, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी पाचरीसारखी जाते. हा तपकिरी डोक्यावाला लडाख-तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांवर पिल्लं काढतो आणि थंडी आपल्या किनाऱ्यावर घालवतो. त्यांच्यात मधेच एखादा दांडगा, पाठ गडद राखाडी असलेला कुरव उभा दिसला तर तो सायबेरियाकडचा ह्यूग्लिन्स असायची शक्यता जास्त. सुरयांत चोचीचा रंग बघा, मोठ्या तुरेवाल्याची पिवळी, लहान तुरेवाल्याची नारिंगी, सँडविच टर्नची काळी आणि टोक पिवळं, आणि कॅस्पियन टर्नची लालभडक गाजरासारखी, तो तर आकारानंच ओळखू येतो. हे तुरेवाले सुरय सगळे वाऱ्याकडं तोंड करून एकाच दिशेला बसतात, त्यामुळं थोडं बाजूला सरकून कडेनं बघितलं की चोचींची रांगच दिसते, मोजायला लई सोपं जातंय.

आता मोजायचं कसं. थवा चारशे-पाचशेचा असला की नवीन माणूस एकतर घाबरतो नाहीतर 'हजार असतील' म्हणून मोकळा होतो. आधी एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजायचे आणि ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं. मग तेवढ्या तेवढ्या तुकड्यांनी डावीकडून उजवीकडं सरकायचं, थवा मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा करायचा. मिश्र थव्यात एकूण आकडा आधी काढून ठेवा, मग स्कोप, म्हणजे स्टँडवर लावायची मोठी एकनळी दुर्बीण, लावून वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर पक्षी बघा, त्यात कुठला किती, त्या प्रमाणात एकूण वाटून टाका. मधेच घार आली आणि सगळं उडालं तर नव्यानं मोजा, अर्धं आधीचं अर्धं नंतरचं असं जोडू नका. एक माणूस बघणारा, एक लिहिणारा, जोडी असली की काम पटकन होतं. हे सगळं आधी रंकाळ्यावर वारकऱ्यांवर, म्हणजे कूटवर, करून बघा. काळे, गोल, एका जागी तरंगणारे पक्षी सरावाला बेस्ट.

दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ पुरेशी, स्कोप ग्रुपमधे कुणाकडं तरी असतोच. टोपी, पाणी, आणि दुर्बिणीची काच पुसायला मऊ कपडा, खारं वारं काचेवर बसतंय.

मोजणीचं म्हणाल तर तुमच्यासाठी जानेवारीच योग्य आहे. एशियन वॉटरबर्ड सेन्सस, म्हणजे आशियातल्या पाणपक्ष्यांची मोजणी, १९८७ पासून चाललाय, दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आपल्याकडं मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) त्यात पुढाकार घेते. कुरव आणि सुरय त्यात धरतात. तुमच्या मोजणीची यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाकली तरी ती कामाला येते. फेब्रुवारीच्या मधे चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, तो आणखी सोपा, कुठूनही करता येतो. यादी टाकताना तीन गोष्टी पाळा. दिसलेले सगळे पक्षी लिहा, आवडले तेवढेच नको. आकड्याच्या जागी फुली मारून सोडू नका, अंदाज असला तरी अंदाजाचा आकडा द्या. आणि एका बीचची एक यादी, सगळं मालवण एकात कोंबू नका. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी नाहीतर कडं दिसलं तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर का खाली आणि त्यावरची अक्षरं टिपून, फोटो काढून बीएनएचएसला कळवा.

मला मनापासून सांगायचंय ते हे की एक जागा धरा आणि दरवर्षी तिथंच, तशाच तिथीला, तशाच भरतीला मोजा. लोक दर हिवाळ्याला नवीन बीच शोधतात, नवीन पक्षी मिळाला की खूश, आणि ते मी समजू शकतो. पण तळाशीलला यंदा लहान तुरेवाले सुरय किती होते हे सांगणारा आकडा एकदाच असेल तर त्याचा काही अर्थ लागत नाही, पाच-सात वर्षं ओळीनं असेल तर लागतो. ज्या वर्षी काहीच दिसलं नाही त्या वर्षीचा आकडा पण टाकायचा. २०२४ मधे आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर यांना धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत टाकलं, हे दोन्ही हिवाळ्यात कोकणात येतात, चिखलात हमखास दिसणारे असंच आपण समजत होतो. जगभरातल्या किनाऱ्यांवर माणसं वर्षानुवर्षं मोजत बसली होती म्हणून ही घट कळली. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू नावाचा आपल्या कोरलाचा, म्हणजे कर्ल्यूचा, भाऊबंद १९९५ मधे मोरोक्कोच्या किनाऱ्यावर शेवटचा खात्रीनं दिसला, तोही थंडी घालवायला तिथं यायचा. आता तो नाहीच असं जाहीर झालंय. आपल्या तळाशीलला, आचऱ्याला कोण बसतंय मोजायला? कोल्हापूर-सांगलीची माणसं वर्षातून एकदा जरी नेमानं गेली तरी फरक पडेल असं मला खरंच वाटतं.

आणि एक हात जोडून विनंती, थव्याकडं चालत जाऊ नका. वाळूवर बसलेले पक्षी आराम करत असतात, मार्च-एप्रिलमधे हजारो किलोमीटर परत जायचंय त्यांना, त्यासाठी अंगात चरबी साठवतात, आणि भरतीच्या त्या दोन-तीन तासांत चार वेळा उडवलं तर कमावलेलं तिथंच खर्च होतं. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून मुलाला पळत पाठवणारे आईबाप मी बघितलेत, वाईट वाटतं. बोटीवरून कुरवांना शेव-गाठी टाकणं पण बंद करा, मासे खाणारा पक्षी आहे तो. पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथंच थांबा, दोन पावलं मागं या, खाली बसा.

जवळून बघायचं असेल तर रापण ओढतात तिथं जा. दोरी खांद्यावर घेऊन दोन्हीकडून माणसं जाळं किनाऱ्याला आणतात, जाळं जवळ आलं की ब्राह्मणी घारी वरून फिरायला लागतात, सुरय जाळ्याच्या कडेला सूर मारतात, कुरव आधीच वाळूवर येऊन उभे, कुणी कुणाला हाकलत नाही. मी त्या रापणकर काकांना विचारलेलं की आज पक्षी कुठं असतील, तर म्हणाले, "खंय जातले? भरती इली काय हंयच येतले." आणि तसंच झालं. अशा माणसांशी दोन शब्द बोला, जाळं ओढायला हात लावू का विचारा, ते तुम्हाला कुठला पक्षी कुठं बसतो ते कुठल्याही ॲपपेक्षा नीट सांगतात. फक्त मासे पसरलेले असतात त्यात पाय देऊन फोटो काढू नका.

तारीख ठरली की इथंच कमेंटमधे तिथी टाका, भरतीची वेळ आणि त्या दिवशी देवबाग बरं का तळाशील ते मी सांगतो. जानेवारीत आमचाही ग्रुप तिकडंच असतोय, स्कोप आहे, गाडीत जागा असली तर कोल्हापुरातूनच एकत्र निघता येईल.