टेक्सासात रानडुकरासाठी गोळी निवडताना

कॅलिबरचा (गोळीच्या जाडीचा) वाद नंतर घाला. आधी गोळीची बांधणी पाहा. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढाल असते. कोल्ह्या-सशांसाठीची पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या वेष्टनाची) गोळी तिथेच फुटते आणि जखमी डुक्कर झाडीत घुसतं. .३०८ कॅलिबरमध्ये १५० ते १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) बाँडेड सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिसं वेष्टनाला घट्ट जोडलेली, उघड्या मऊ टोकाची गोळी पुरे. .२२३ ची रायफल हातात असेल तर ६२ ग्रेनची बाँडेड किंवा ५५ ग्रेनची निखळ तांब्याची घ्या. स्वस्त मिळते म्हणून फुल मेटल जॅकेट (टोकापर्यंत कठीण धातूने मढवलेली गोळी) नको. ती बऱ्याचदा न पसरताच आरपार जाते आणि मागच्या डुकरालाही लागते. डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं. आडव्या उभ्या जनावराच्या पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरा. गोळी बदललीत की १०० यार्डांवर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते पुन्हा तपासा.